हेडलाइटचा उजेड वाढवायचाय, पण पासिंगला अडकायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात हायवेलगत माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं. पावसाळा तोंडावर आला की एकच वाक्य दिवसातून चार वेळा कानावर येतं: "दादा, उजेडच पडत नाही हो, जरा भारीतला बल्ब टाका." त्या सगळ्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहून काढलंय. बरंचसं एच४ बल्बच्या गाड्यांबद्दल आहे. अप्पर आणि डिपर एकाच बल्बात असतो तो एच४. ऑल्टो, वॅगन-आर, बोलेरो अशा कितीतरी गाड्यांत हाच बल्ब असतो.

उजेड कमी पडतोय म्हणजे आधी बल्बच बदलायचा ना?

नाही. बल्बाचा नंबर शेवटचा. आधी काच, मग होल्डरपर्यंत पोचणारं व्होल्टेज, मग फोकस, म्हणजे उजेडाची दिशा. दहातल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे या तीन गोष्टींतच सुधारून परत जातात.

कोरेगावकडच्या एका निवृत्त गुरुजींची वॅगन-आर आली होती. दोन वेळा बल्ब बदलून झाले होते, तरी संध्याकाळनंतर गाडी काढायची त्यांना भीती वाटायची. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: १४.१ व्होल्ट. तोच मीटर बल्बाच्या मागच्या पिनांवर, बल्ब जळत असताना लावला: १२. म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गळत होते. शोधत गेलो तर हेडलाइटच्या मागे पत्र्यावर आवळलेला अर्थिंगच्या (निगेटिव्ह) वायरीचा बोल्ट गंजून तांबूस भुकटी झालेला. बोल्ट काढला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासला, वायरीच्या टोकाला नवा लग दाबला, वरून ग्रीस. मीटर १३.३ वर आला. बल्ब तोच, गाडी तीच. समोरच्या भिंतीवर उजेड पडल्यावर गुरुजी काही न बोलता नुसते बघत राहिले.

हे का होतं ते समजून घ्या. बल्ब बनवणारे उजेडाचा आकडा १३.२ व्होल्टवर मोजतात. एच४ सारख्या हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. १३.२ चे १२ व्होल्ट झाले की पाव भागाहून जास्त उजेड जातो आणि जो उरतो तोही पिवळट दिसतो. अशा गाडीत कितीही महाग बल्ब घातला तरी पैसे पाण्यात.

काच पिवळी पडलीय. टूथपेस्टने घासली तर चालेल?

दोन-तीन आठवडे चालेल. हल्लीच्या हेडलाइटची पुढची काच काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर असतो. तो थर उडाला की प्लॅस्टिक पिवळं पडतं, धुरकट होतं. टूथपेस्टने वरचा धूर निघतो, थर परत येत नाही. नीट करायचं तर पाणी सोडत ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पेपर, नंतर पॉलिश आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट मारावा लागतो. हा शेवटचा कोट न मारता पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका.

धुरकट काचेचा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला उजेड कमी मिळतो तो मिळतोच, वर तो भलतीकडे फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. पासिंगला अशी काच दाखवायची वेळच आणू नका.

कायद्यात बसणारा बल्ब ओळखायचा कसा?

बल्बाच्या पितळी किंवा स्टीलच्या बुडावर बघा. एच४ असेल तर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असं लिहिलेलं पाहिजे: अप्पर ६०, डिपर ५५. आपल्याकडे गाडीच्या बल्बांसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे, युरोपच्या गटात आर-३७ आहे, आणि दोन्हींत एच४ ची ताकद हीच. युरोपची मंजुरी असलेल्या बल्बावर गोलात इंग्रजी 'ई' आणि शेजारी एक आकडा असतो. तो आकडा प्रत सांगत नाही, मंजुरी देणारा देश सांगतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. 'ई१ वाला ई४ पेक्षा भारी' असं काउंटरवर कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

खूण नुसती खोक्यावर असून उपयोग नाही, बल्बावर कोरलेली हवी.

१००/९० वॅटचा टाकला तर काय बिघडतं? सगळेच टाकतात.

टाकतात, आणि मग जळालेले होल्डर घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या टेबलाच्या खणात असे सतरा-अठरा होल्डर मी मुद्दाम ठेवलेत. कुणी हट्ट धरला की त्यांतला एक हातात देतो. पांढरं प्लॅस्टिक आधी चहासारखं होतं, मग काळं, मग एका बाजूने ओघळतं आणि पिन आतच चिकटते.

गणित साधं आहे. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा डिपर साधारण ४.६ अँपिअर ओढतो, ९० वॅटचा साडेसात. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत अडीच पटीहून जास्त. कंपनीने वायर, स्विच, होल्डर सगळं ५५-६० साठी निवडलेलं असतं. शिवाय आतला रिफ्लेक्टर तापून त्याचा चकचकीत थर उडतो. मग साधा बल्ब परत लावला तरी पहिला उजेड येत नाही.

रस्त्यावर चालवायला हा बल्ब मंजूर नाही. बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण काउंटरवर ते कुणी वाचून दाखवत नाही.

मग 'रिले किट' घालू का?

६०/५५ चाच बल्ब ठेवून घालत असाल तर जरूर घाला. यात बल्बाला करंट बॅटरीवरून, फ्यूजमधून, जाड वायरीने थेट मिळतो, आणि जुना स्विच फक्त रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचला, इशारा देतो. दिव्याच्या मंजुरीला यात कुठेच हात लागत नाही, आपण फक्त त्याच्या हक्काचं व्होल्टेज त्याच्यापर्यंत पोचवतो. जुन्या गाड्यांना याचा फार फायदा होतो.

दोन गोष्टी सांभाळा. मूळ वायर कापू नका, प्लगला प्लग जोडणारं किट घ्या. आणि काही जपानी घडणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच निगेटिव्हच्या बाजूला असतो, तिथे साधं किट लावलं की डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा वेड्यासारखा वागतो. बसवणाऱ्याला हे ठाऊक आहे का ते आधी विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काहीच करू नका.

'१०० टक्के जास्त उजेड', '१३० टक्के जास्त उजेड' लिहिलेले हॅलोजन बल्ब खरे असतात का?

चांगल्या कंपनीचे असतील आणि वर ६०/५५ व मंजुरीची खूण असेल तर ते कायद्यात बसतात. फायदाही होतो, पण खोक्यावरच्या आकड्याएवढा धरून चालू नका. तो आकडा रस्त्यावरच्या ठरावीक जागी मोजलेला असतो, एकूण उजेड दुप्पट होत नाही. होऊच शकत नाही, कारण मानकानेच त्याला वरची मर्यादा घातलीय: एच४ ला अप्परवर १६५० आणि डिपरवर १००० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), १५ टक्के इकडेतिकडे. या बल्बांत फिलामेंट जास्त घट्ट आणि नेमक्या जागी गुंडाळलेलं असतं, म्हणून उजेड हवा तिथे जास्त पडतो. तसं फिलामेंट तापतंही जास्त, त्यामुळे बल्ब लवकर जातो. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याने एक जोडी जादा ठेवावी.

गडद निळ्या काचेचे बल्ब मात्र टाळा. ती निळी काच उजेड गाळून पांढरा दाखवते, म्हणजे आहे त्यातला थोडा उजेड खाते.

एलईडी बल्ब. आता यावर बोलाच.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

जळालेला एच४ बल्ब हातात धरून बघा. आत दोन फिलामेंट दिसतील. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर आपटतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत तो पोचत नाही तो या वाटीमुळे. फिलामेंट आणि रिफ्लेक्टर यांची जागा एकमेकांना मिलिमीटरमध्ये जुळवलेली असते.

एलईडी बल्बात फिलामेंट नसतं. एका पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. त्यांचा आकार वेगळा, जागा थोडी इकडेतिकडे, आणि उजेड चहूबाजूंनी न जाता दोन दिशांनीच जातो. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरला हे पाहुणं ओळखता येत नाही. भिंतीवर जिथे डिपरच्या उजेडाची वरची कड स्वच्छ रेघेसारखी दिसायला हवी तिथे रेघेच्या वर धुरासारखा उजेड पसरतो. तो उजेड जातो थेट समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत.

"पण मला तर भरपूर दिसतं!" असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि ते खोटं बोलत नसतं. गाडीच्या नाकासमोरचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता लख्ख होतो. पण त्या लख्ख उजेडाने आपली बाहुली आकसते आणि दूरचं उलट कमी दिसायला लागतं. ऐंशीच्या वेगाने जाताना ब्रेक लावायला उपयोगी पडतो तो दूरचा उजेड.

खोक्यावर '२०,००० लुमेन' लिहिलेलं असेल तर शेजारचा वॅटचा आकडा वाचा. वॅटला १०० लुमेन धरले तरी ४० वॅटच्या जोडीतून ४,००० च्या आसपासच निघतील.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातला की तो दिवा मंजूर झाला होता तसा राहत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर परवानगी मिळाली, पण तीही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती, तपासणी करून यादीत घातल्यावर. तोच बल्ब कुरिअरने मागवून आपल्या गाडीत घातला तर ती परवानगी त्याच्यासोबत येत नाही.

कंपनीकडून एलईडी हेडलाइट आलेल्या गाड्या मग चालतात कशा?

तिथे चिप, लेन्स, रिफ्लेक्टर, थंड ठेवायची सोय हे सगळं एकत्र घडवून एकत्र तपासलेलं असतं. तो पूर्ण दिवा मंजूर असतो. हरकत एलईडीला नाहीच, एकासाठी बनवलेल्या घरात दुसरा घुसवायला आहे.

एचआयडी किट, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारे झेनॉन बल्ब?

नको. ३५ वॅटच्या कारखानी एचआयडी बल्बातून ३,००० च्या वर लुमेन निघतात, म्हणून युरोपच्या नियमांत २,००० लुमेनच्या वरच्या दिव्यांना आपोआप खालीवर होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला गेला. बाजारातल्या किटमध्ये यातलं काही नसतं.

नेमका कायदा काय म्हणतो? दंड किती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ उजेड खाली वळवण्याबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला झळ लागता कामा नये. ही जागा नीट डोळ्यांसमोर आणा: समोरून येणाऱ्या माणसाचीच आहे. नियम १११ प्रमाणे पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. बंपरवर किंवा टपावर लावायचे ते प्रखर दिवे यातच येतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे. आरसीवर हेडलाइटची नोंदच नसते, मग आम्हाला कोण अडवणार, असं काही जण म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ (४) वाचा. परवानगी नसलेला बदल, त्यात सुटे भाग मागाहून बसवणंही आलं, केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्ता सुरक्षेची मानकं मोडणारी गाडी चालवली तर कलम १९० (२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ३ महिने लायसन्सही जातं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ बांधणीशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं.

रस्त्यावर प्रत्येकाला एवढं होतंच असं नाही. पण 'कुणी विचारत नाही' म्हणणाऱ्याने अपघात झाल्यावर हेडलाइटचे फोटो काढले जातात हेही ध्यानात ठेवावं.

पासिंगला हेडलाइट खरंच तपासतात?

हो. खासगी गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. टॅक्सी, टेम्पो यांना ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. स्वयंचलित तपासणी केंद्रात हेडलाइटसमोर यंत्र धरून उजेडाची ताकद आणि दिशा मोजतात. तिथे ओळखपाळख चालत नाही, रेघ खाली आहे की वर एवढंच यंत्राला कळतं.

पासिंगच्या आदल्या दिवशी मूळ बल्ब लावायचे आणि दुसऱ्या दिवशी परत एलईडी, असं करून द्या म्हणणारे येतात. मी करून देत नाही.

फोकस घरी सेट करता येतो?

येतो, आणि प्रत्येकाने एकदा करून बघावा. बल्ब बदलल्यावर तर बघायलाच हवा.

सपाट जागा आणि समोर भिंत हवी. आमच्या इकडे पेट्रोल पंपामागच्या गोडाऊनच्या भिंतीवर मी चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात, तुम्हाला सोसायटीचं पार्किंग पुरेल. चारही चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, आणि डॅशबोर्डवर लाइट खालीवर करायचं चाक असेल तर ते ० वर. गाडी भिंतीला अगदी जवळ लावून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची चिकटपट्टीने खूण करा. मग सरळ मागे १० मीटर या. डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजे उतार १ टक्का. काही गाड्यांत हेडलाइटजवळ हा टक्का छापलेला असतो, तिथे तो पाळा.

आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून रेघ उजवीकडे सपाट आणि डावीकडे थोडी वर चढलेली दिसते. डावीकडची ती चढण कडेचा माणूस, बैलगाडी, मैलाचा दगड दिसावा म्हणून असते. चढण उजवीकडे दिसली तर तो दिवा उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठीचा आहे. बाहेरून आलेल्या जुन्या सुट्या भागांत असे दिवे मी पाहिलेत. ते कितीही खाली केले तरी समोरच्याला त्रास देणारच.

स्क्रू दोन असतात, एक खालीवर आणि एक डावीउजवीकडे. एका वेळी अर्धा फेरा, मग भिंतीकडे बघा. एक दिवा सेट करताना दुसरा कापडाने झाका.

आणि ते डॅशबोर्डवरचं चाक शोभेचं नाही. लग्नाला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालात की गाडीचं नाक वर होतं. चाक २ किंवा ३ वर न्या. खंबाटकी घाट उतरताना मागच्या आरशात जे डोळे दिपवणारे दिवे दिसतात, त्यांतले कितीतरी साध्या हॅलोजनचेच असतात, फक्त गाडी भरलेली असते.

बल्ब स्वतः बदलताना काय जपायचं?

काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे जास्त तापतं आणि बल्ब फुटू शकतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बाच्या तीन कानांतला एक बाकी दोघांपेक्षा रुंद असतो, त्यामुळे तो एकाच तऱ्हेने बसतो. जोर लावावा लागतोय म्हणजे उलटा धरलाय. मागचं रबर बूट नीट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. दोन्ही बल्ब एकदम बदला.

घाटातल्या धुक्यासाठी पिवळे फॉग लॅम्प लावू का?

गाडीला कंपनीची सोय असेल तर लावा. पांढरा आणि पिवळा दोन्ही चालतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा उजेड 'धुकं चिरतो' हे काही खरं नाही. तो डोळ्यांना निळसर पांढऱ्यापेक्षा कमी बोचतो, एवढा फायदा आहे आणि तोही मोठा आहे. ताम्हिणीत, आंबोलीत जुलै महिन्यात गाडी चालवली असेल त्याला ते पटेल. खरी करामत फॉग लॅम्पच्या उंचीत आणि आकारात आहे: तो खाली बसतो आणि उजेड रुंद, सपाट टाकतो. धुक्यात अप्पर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि आकाश निरभ्र असताना फॉग लॅम्प बंद.

सगळं केलं, तरी रात्री दिसत नाही.

पुढची काच आतून पुसा. आत एसीचा आणि प्लॅस्टिकचा तेलकट थर बसतो, रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्यावर फुटतो. वायपरचे रबर बघा. चष्म्यावर ओरखडे आहेत का ते बघा.

आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. मोतीबिंदू सुरू झाला की समोरच्या दिव्याभोवती तारे फुटतात आणि माणूस बल्बाला दोष देत राहतो. माझ्या वडिलांचं हेच झालं. मी त्यांच्या गाडीचा फोकस तीनदा सेट करून दिला, मग आई म्हणाली, "अरे, त्यांना पेपरसुद्धा खिडकीत धरून वाचावा लागतो." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला फोन करून विचारलं, कोणता बल्ब टाकलास म्हणून.